दुचाकीस्वार आणि रस्त्यावरचा पोलीस



रविवारी पहाटे सहाच्या सुमारास निगडीच्या चौकात उभे राहिले की एक दृश्य हमखास दिसते. जुन्या मुंबई रस्त्याने लोणावळ्याकडे मोटारसायकलींच्या रांगाच्या रांगा निघालेल्या असतात. देहूरोड, सोमाटणे, तळेगाव, वडगाव, कामशेत, कार्ला अशी गावे मागे टाकीत ही तरुण मंडळी चहा-भज्यांच्या ओढीने घाटमाथा गाठतात. कोणी पौडावरून ताम्हिणीला जातो, कोणी डोणज्यावरून सिंहगडाला, कोणी टेमघरावरून लवासाला, तर कोणी कात्रज ओलांडून खंबाटकीच्या दिशेने. द्रुतगती मार्गावर, घाटातला सामायिक तुकडा सोडला तर, दुचाकीला मज्जाव आहे, म्हणून जुन्या रस्त्यावर ही गर्दी अधिक.

अशा वेळी समोरून येणारा एखादा स्वार दिवा दोनदा मिचकावतो आणि डाव्या हाताने स्वतःच्या डोक्यावर थोपटतो. या खुणेचा अर्थ सर्वांना ठाऊक असतो: 'पुढे मामा उभे आहेत.' तत्क्षणी चमत्कार घडतो. नव्वदाचा वेग पन्नासावर येतो, कोपरात अडकवलेले हेल्मेट डोक्यावर चढते, तिघे बसले असतील तर तिसरा उतरून पायी चालू लागतो. नाका ओलांडून फर्लांगभर गेले की हेल्मेट पुन्हा कोपरात, तिसरा पुन्हा मागे आणि काटा पुन्हा नव्वदावर. वाहतूक पोलिसाला पुण्यात 'मामा' का म्हणतात याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. मामा हा खरे म्हणजे लाड करणारा नातेवाईक. पण या मामाला टाळण्यासाठी भाचे काय काय करतील याचा नेम नसतो.

कामगार चळवळीतल्या माणसाने या विषयात का पडावे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. माझे उत्तर असे की रविवारच्या या हौशी स्वारांपेक्षा मला सोमवारच्या स्वारांची काळजी अधिक आहे. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे. १९७२ साली लुना आली, त्याच साली चेतक आली. पुढे मोटारसायकली आल्या आणि त्यांतल्या पुष्कळशा याच जिल्ह्यात, आकुर्डीला आणि चाकणला, आपल्याच माणसांच्या हातांनी जुळवल्या गेल्या. आज भोसरी, चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत तिन्ही पाळ्यांना जाणारा कामगार दुचाकीवरच जातो. बसला वेळेचा भरवसा नसतो आणि रात्रपाळी सुटल्यावर तर बस नसतेच. घरोघरी जेवण आणि सामान पोचवणारी मुले दिवसाचे बारा तास त्याच वाहनावर काढतात. हौशी स्वाराला पाचशे रुपयांचा दंड म्हणजे लोणावळ्याच्या एका न्याहारीचा खर्च. कंत्राटी कामगाराची त्यात दिवसभराची मजुरी जाते. नाका मात्र दोघांना एकच असतो, आणि शिट्टीही एकच.

नाक्याच्या भीतीने माणसाचे काय होते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. २००५ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या युनियनमधला एक पोरगा, वय चोवीस, दुसरी पाळी संपवून रात्री साडेअकराला घरी निघाला होता. गाडीचा विमा संपून दोन महिने झाले होते. हप्ते थकलेले, बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, त्यामुळे विम्याचे पैसे बाजूला पडलेच नव्हते. रस्त्यावर पुढे नाकाबंदीचे दिवे दिसले आणि त्याने गाडी जागच्या जागी वळवली. दुभाजकाच्या फटीतून पलीकडे जाऊन उलट्या दिशेने निघाला. समोरून टेम्पो आला. पोरगा जगला, पण उजवा पाय गुडघ्यापासून गेला.

दवाखान्यात मी त्याला विचारले, "अरे, विमा नसल्याचा दंड किती झाला असता?"

"भाऊ, दंडाचं भ्या नव्हतं," तो म्हणाला. "मागच्या महिन्यात एकदा धरलं होतं. तेव्हा खिशात होतं नव्हतं तेवढं दिलं. पावती नाही, काही नाही. चार दिवसांनी परत तेच. मला वाटलं, हे आता संपायचं नाही."

हे वाक्य मी आजतागायत विसरलेलो नाही. दंड आकड्यात असतो. कितीही मोठा असला तरी तो फेडता येतो आणि फेडला की विषय संपतो. पावतीविना दिलेल्या पैशाने काहीच संपत नाही. आज दिले, उद्या पुन्हा द्यावे लागतील, परवा किती ते सांगता येत नाही. पोरगा पळाला तो या अनिश्चिततेला भिऊन. सावकाराच्या वहीत अंगठा उठवणाऱ्या शेतकऱ्याची आणि हजेरीपटावर नाव नसलेल्या मजुराची भीती याच जातीची असते. आम्ही युनियनवाले पगाराच्या चिठ्ठीसाठी का भांडतो ते पांढरपेशा माणसाला चटकन कळत नाही. चिठ्ठी हातात आली की पगार वाढतो असे नव्हे. परंतु किती मिळाले आणि किती कापले ते दाखवता येते, आणि दाखवता आले म्हणजे भांडता येते.

त्या घटनेनंतर मी अप्पा बळवंत चौकातून मोटार वाहन कायद्याचे पुस्तक विकत आणले. माझे शिक्षण बेताचे. इंग्रजी मी लेथ मशिनवर काम करता करता, रात्रीच्या वर्गात आणि शब्दकोश उशाला घेऊन शिकलो. पुस्तक वाचायला चार महिने लागले. वाचून झाल्यावर लक्षात आले की रस्त्यावर उभे असलेले दोघेही, स्वार आणि शिपाई, बहुधा कायद्यातले निम्मेअधिक ऐकीव गोष्टींवरच चालवतात. म्हणून त्यांतले थोडे सांगतो.

सध्याचा कायदा १९८८ सालचा. १ जुलै १९८९ पासून तो अमलात आला आणि २०१९ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. गणवेशातल्या कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याने मागितला तर चालकाने आपला परवाना दाखवलाच पाहिजे, असे कलम १३० सांगते. येथे 'गणवेशातल्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. साध्या कपड्यांत कोणी झाडाआडून पुढे येऊन कागद मागू लागला, तर आधी त्याची ओळख विचारणे हा उद्धटपणा नव्हे. विमा, नोंदणी, धुराचे प्रमाणपत्र हे कागद तपासण्याचा अधिकारही राज्य सरकारने तसा अधिकार दिलेल्या, गणवेशातल्या पोलिसाला आहे. हे कागद पूर्वी पिशवीत बाळगावे लागत आणि पावसात त्यांचा लगदा होई. २०१८ सालापासून नियम बदलला असून सरकारी डिजिलॉकरमधला किंवा एम-परिवहनमधला मोबाइलवरचा कागद मूळ कागदाइतकाच ग्राह्य धरला जातो. मात्र मूळ कागदाचा कोणी फोटो काढून ठेवला असेल तर तो या व्याख्येत बसत नाही. हा फरक न कळल्यामुळे नाक्यावर निष्कारण शब्दाला शब्द लागतो.

परवाना पाहणे वेगळे आणि ठेवून घेणे वेगळे. कलम २०६ प्रमाणे काही ठरावीक प्रसंगी पोलीस परवाना ठेवून घेऊ शकतात. २०१९च्या दुरुस्तीने अतिवेग, धोकादायक चालवणे, दारू पिऊन चालवणे, हेल्मेट नसणे अशा गुन्ह्यांत परवाना घेऊन तो पुढील कारवाईसाठी परिवहन कार्यालयाकडे पाठवण्याची तरतूद झाली आहे. परंतु त्याच कलमात असेही म्हटले आहे की परवाना घेणाऱ्याने त्याची तात्पुरती पोच दिली पाहिजे, आणि २०१९ साली जोडलेले हे गुन्हे सोडले तर परवाना परत मिळेपर्यंत ती पोच परवान्याचे काम करते. ही ओळ मी आमच्या कार्यालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावली आहे. 'परवाना उद्या चौकीवर येऊन घेऊन जा' हे वाक्य ज्याने ऐकले आहे त्याला या ओळीचे मोल कळेल. सामान पोचवणाऱ्या मुलाचा परवाना पोचेविना गेला तर त्याचा रोजगारच गेला, आणि तो परत मिळवण्यासाठी तो काहीही द्यायला तयार होतो.

गाडीची किल्ली काढून घेण्याची एक पद्धत पडली आहे. त्यासाठी कायद्यात कलम आहे का म्हणून मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शोधले, नाही. नोंदणी नसेल, परवाना नसेल तर कलम २०७ प्रमाणे गाडी अडकवून ठेवता येते. त्याची रीतसर नोंद होते. पण चालत्या गाडीच्या किल्लीला हात घालण्याची परवानगी कोणीही दिलेली नाही आणि ते धोक्याचेही आहे. पोलीस मित्रांना मी हे सांगतो तेव्हा ते म्हणतात, "किल्ली नाही काढली तर पळून जातात हो." तेही खोटे नाही.

रस्त्यावरचा दंड म्हणजे शिक्षा नव्हे, ही गोष्टही फार थोड्यांना ठाऊक असते. शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयाचा. कलम २०० प्रमाणे सरकार काही गुन्ह्यांसाठी तडजोडीची रक्कम ठरवून देते. ती भरली की खटला चालत नाही. ती भरायची की न्यायालयात जायचे, हे ठरवण्याचा हक्क स्वाराचा आहे. हेल्मेट नसल्यास केंद्राच्या कायद्यात १,००० रुपयांचा दंड आणि तीन महिने परवाना रद्द असे आहे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ मध्ये नवे दर लागू केले तेव्हा तडजोडीची रक्कम ५०० रुपये ठेवली. विमा नसल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये. हे आकडे पाठ असले म्हणजे नाक्यावर 'किती होतील?' असे विचारावे लागत नाही. तोडपाणी या प्रश्नापासूनच सुरू होते.

आणि तोडपाणी दोन हातांनी होते, हेही सांगितले पाहिजे. ज्याला घाई आहे, ज्याचे दोष चार आहेत आणि ज्याला एकाचेच पैसे द्यायचे आहेत, तो आपण होऊन नोट पुढे करतो आणि संध्याकाळी कट्ट्यावर पोलीस कसे खातात याची कथा रंगवून सांगतो. आमच्या सभासदांना मी सांगतो: चूक असेल तर कबूल करा, पैसे भरा, पावती घ्या. चूक नसेल तर नम्रपणे नाही म्हणा, अंमलदाराच्या छातीवरचे नाव वाचून ठेवा आणि लेखी तक्रार करा. गाडी वळवून पळू मात्र नका. २००५ सालच्या त्या पोराने जिथून पळ काढला तिथे त्याला फार तर दोन-चार दिवसांच्या पगाराचा फटका बसला असता.

आता समोर उभा असलेल्या माणसाकडे पाहू. हेल्मेटच्या काचेतून तो आपल्याला नुसता खाकी आणि पांढरा रंग दिसतो. चौकातला वाहतूक शिपाई दिवसभर धुरात उभा असतो. सणवार, पालखी, गणेशोत्सव, मंत्र्यांचे दौरे, सामने या सर्वांचा भार त्याच्यावर. उन्हाळ्यात डांबर वितळते तिथे तो बूट घालून उभा. आणि तो कामगार आहे हे मान्य करायला कायदा तयार नाही. पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा १९६६ सालचा कायदा आहे; त्यानुसार सरकारच्या परवानगीविना पोलिसाला कोणत्याही कामगार संघटनेचे सभासद होता येत नाही. आपल्या महाराष्ट्रात पोलिसांची एक संघटना होती. १८ ऑगस्ट १९८२ रोजी सरकारने ती मोडून काढली आणि मुंबईत मोठा उद्रेक झाला. तेव्हा गिरणी संप चालू होता. मी लहान होतो, पण घरातल्या वडीलमाणसांचा चकित झालेला चेहरा मला आठवतो. पोलीसही रस्त्यावर उतरतात हे त्यांनी तोवर पाहिले नव्हते. तेव्हा नाक्यावर समोरासमोर येतात ते दोघेही पगारावर जगणारे. त्यांतला एक युनियन करू शकतो, दुसरा करू शकत नाही. दिवसाला इतक्या केसेस आणल्याच पाहिजेत असा तोंडी हुकूम वरून आला तर तो कोणाकडे दाद मागणार? शेवटी तो हुकूम स्वारांच्या अंगावर येऊन पडतो.

मात्र यामुळे वेगाचा प्रश्न सुटत नाही, आणि येथे मी स्वारांच्या बाजूने बोलणार नाही. साधे गणित सांगतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. समोर गाय आडवी आली हे डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. म्हणजे १७ मीटर नुसते पाहण्यातच गेले. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी २३ मीटर लागतात. एकूण ४० झाले. आता वेग नव्वद करा. पाहण्यात २५ मीटर, ब्रेक लागून थांबण्यात ५२, एकूण ७७. वेग दीडपट झाला, अंतर जवळजवळ दुप्पट. कारण ब्रेकने जी ऊर्जा जिरवायची ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताम्हिणीत पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या वळणावर हे आकडे याहून कितीतरी वाढतात, आणि वळणापलीकडचे तर ४० मीटरसुद्धा दिसत नाही. घाटातला वेग नजर कुठवर पोचते त्यावर ठरवावा, इंजिनाच्या ताकदीवर नव्हे; जुने ट्रकवाले हे न शिकता जाणत.

वेग मोजण्याच्या यंत्राविषयी स्वारांत फार गैरसमज आहेत. पोलिसांच्या गाडीत असते ते लेझर यंत्र म्हणजे प्रकाशाची घड्याळपट्टीच म्हणावी. ते प्रकाशाचा अतिसूक्ष्म ठोका सोडते. तो गाडीवर आपटून परत येतो. गाडी ३०० मीटरवर असेल तर जाऊन येण्यास एका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी दोन भाग लागतात. यंत्र असे अनेक ठोके पाठोपाठ सोडते आणि दर ठोक्याला अंतर किती घटले त्यावरून वेग काढते. सगळे काम सेकंदाच्या अंशात उरकते. म्हणून यंत्र दिसल्यावर ब्रेक दाबून उपयोग नसतो. आपल्याला ते दिसण्यापूर्वीच त्याने आपल्याला पाहिलेले असते. मात्र ते एका वेळी एकाच गाडीवर रोखावे लागते. दहा मोटारसायकली एकत्र धावत असतील तर वेग कोणाचा आणि क्रमांक कोणाचा, हे छायाचित्रात स्पष्ट दिसले पाहिजे, आणि ते पाहण्याचा हक्क स्वाराला आहे.

यंत्र कोठे उभे करावे, हा खरा वादाचा मुद्दा. उतार संपतो तिथे, झाडाच्या सावलीत, वेगमर्यादेची पाटी पानाआड झाकलेली असेल अशा जागी गाडी उभी केली तर दंड पुष्कळ जमेल. पण दंड झालेल्या माणसाला आपण पकडले गेलो हे घरी टपाल किंवा संदेश आल्यावर कळते. त्या वळणावर तो तितक्याच वेगाने गेलेला असतो. याउलट वळणाच्या अलीकडे, लांबून दिसेल अशी गाडी दिवा लावून उभी केली तर दंड कमी जमेल आणि वळण सुखरूप पार होईल. समोरून दिवा मिचकावून 'मामा आहेत' म्हणून सांगणाऱ्या स्वारावर काही अधिकारी चिडतात. मला वाटते, तो बिचारा फुकट त्यांचेच काम करीत असतो. पुढच्या दोन किलोमीटरांत सगळे हळू जातात. सरकारलाही हे तत्त्व मान्य नाही असे नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने यंत्रांविषयी जे नियम केले, त्यांत यंत्र बसवलेल्या भागाआधी सूचनेचा ठळक फलक असावा, यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र असावे, त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे आणि गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांच्या आत पाठवावी, असे स्पष्ट म्हटले आहे. चलन आले की ही चार कलमे आधी ताडून पाहावीत.

हेल्मेटचा विषय पुण्यात काढणे म्हणजे मोहोळाला हात घालणे, हे मी जाणतो. तरी काढतो, कारण त्यात माझा स्वतःचा हात आहे. १ जानेवारी २०१९ पासून शहरात पोलिसांनी हेल्मेटची कारवाई कडक केली. मोर्चे निघाले, कृती समिती झाली, जून महिन्यात मुख्यमंत्र्यांपर्यंत गाऱ्हाणे जाऊन शहरातली कारवाई सैल पडली. मी त्या दिवसांत कारखान्यांच्या फाटकांवर भाषणे करीत होतो. 'आधी रस्त्यांतले खड्डे बुजवा, मग आमच्या डोक्याची काळजी करा,' हे माझे वाक्य फार गाजले. टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर डबा घेऊन आलेल्या एक बाई पुढे आल्या. त्यांचा मुलगा आमचा सभासद.

"भाऊ, तुमचं भाषण ऐकून पोराने हेल्मेट माळ्यावर टाकलं," त्या म्हणाल्या. "मी दोन महिने मागे लागून घ्यायला लावलं होतं. खड्डे बुजतील तेव्हा बुजतील. तोवर त्याच्या डोक्याची जबाबदारी तुम्ही लिहून देता का?"

म्हणजे त्यांनीही माझ्याकडे पावतीच मागितली. मला ती देता आली नाही. त्यानंतर मी आकडे शोधले. २०२२ साली देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरची ७४,८९७. केंद्र सरकारच्या त्याच अहवालाप्रमाणे हेल्मेट नसताना मेलेले ५०,०२९. त्यांत मागे बसलेले १४,३३७. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र विचार करून काढलेला निष्कर्ष असा की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. खड्ड्यांचा मुद्दा मी सोडलेला नाही. महापालिकेच्या दारात त्यासाठी बसायची माझी आजही तयारी आहे. पण खड्डा आहे म्हणून डोके उघडे ठेवणे हा युक्तिवाद मी मागे घेतला आणि त्याच फाटकावर उभा राहून तसे सांगितले. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत.

अपघातच झाला तर काय, याविषयी दोन शब्द. २००५ साली आमचा पोरगा रस्त्यावर पडला तेव्हा भोवती गर्दी जमली, पण पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून कोणी त्याला उचलेना. वीस मिनिटे गेली. आता ती भीती बाळगण्याचे कारण नाही. जखमीला मदत करणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचना सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये बंधनकारक ठरवल्या, आणि २०१९ साली कायद्यात कलम १३४-अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दावा किंवा खटला चालत नाही, आणि त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. आडवाटेच्या घाटांत जाणाऱ्या रविवारच्या स्वारांनी हे कलम अवश्य लक्षात ठेवावे. तिथे पहिली मदत त्यांचीच पोचते.

हल्ली नाक्यावरचा शिपाई हळूहळू मागे सरतो आहे आणि कॅमेरा पुढे येतो आहे. कॅमेरा चिरीमिरी घेत नाही, हा त्याचा मोठाच गुण. पण तो ऐकूनही घेत नाही. रुग्णाला घेऊन निघालो होतो, सिग्नल बिघडला होता, गाडी मी दोन वर्षांपूर्वी विकली आहे, असे शिपायाला सांगता येई; कॅमेऱ्याला सांगता येत नाही. एका सभासदाला एकदम सतरा चलनांची यादी आली. गाडी विकली होती, पण नोंदणीवर नाव बदलून घेतले नव्हते. चलन चुकीचे वाटले तर वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक या सोयीवर तक्रार नोंदवता येते, आणि लोकअदालतीतही ही प्रकरणे निघतात. पण त्यासाठी रजा टाकावी लागते, आणि रजेचा दिवस चलनापेक्षा महाग पडतो. त्यामुळे बरेच लोक चुकीचे चलनही भरून टाकतात किंवा बरोबर चलनही वर्षानुवर्षे भरत नाहीत. संध्याकाळी कामगारवस्तीत महिन्यातून एकदा चलनांची सुनावणी ठेवावी, अशी मागणी आम्ही केली आहे. उत्तराची वाट पाहत आहोत.

गेल्या महिन्यात मलाच थांबवले. देहूरोडच्या अलीकडे सकाळी सातला. धुराच्या प्रमाणपत्राची मुदत अकरा दिवसांपूर्वी संपली होती. माझ्या ध्यानातच नव्हते. शिपाई पंचविशीचा होता. त्याने यंत्रात क्रमांक घातला, पण नेटवर्क नव्हते. "काका, दोन मिनिटं थांबा," तो म्हणाला. दोनाची पंधरा झाली. आम्ही दोघे लिंबाखाली उभे राहिलो. मी युनियनचे काम करतो हे कळल्यावर त्याने विचारले, "माझा धाकटा भाऊ चाकणला कंत्राटावर आहे, तीन वर्षं झाली. त्याला कायम करता येतं का हो?" मी त्याला कागद काय काय जमवायचे ते सांगितले: नेमणुकीचे पत्र, हजेरी, पगाराच्या चिठ्ठ्या. तो म्हणाला, चिठ्ठ्या देतच नाहीत. तेवढ्यात यंत्र आवाज करून चालू झाले आणि त्यातून माझी पावती बाहेर आली.